नवशिक्यांचे प्रश्न

मनुष्य एखादी गोष्ट शिकला म्हणजे ती आपणांस एके काळीं येत नव्हती, हें तो सर्वांच्या आधीं विसरतो. पट्टीच्या पोहणाऱ्यास आपल्या नाकातोंडांत पाणी गेलें होतें याची आठवण राहात नाहीं. आणि ज्या गृहिणीच्या पोळीस आज पापुद्रे सुटतात तिला, निदान सुनेच्या देखत तरी, आपली पहिली पोळी कोणत्या खंडाच्या नकाशासारखी झाली होती हें आठवत नाहीं. एरवीं हें विस्मरण निरुपद्रवी आहे. परंतु ज्याच्यापाशीं दुसरा कोणी शिकावयास येतो त्याच्या ठिकाणीं तें दोष होऊन बसतें. प्रस्तुत लेख या दोषाविषयीं आहे. दुसऱ्यांचें वैगुण्य दाखविण्याकरितां तो लिहिलेला नाहीं. आमच्याच हातून घडलेल्या एका अपराधामुळें तो लिहिला जात आहे. मात्र तो अपराध जेथें घडला तें स्थळ पुष्कळ वाचकांच्या नित्य परिचयाचें नसेल, म्हणून आधीं त्याची थोडी ओळख करून देणें अवश्य आहे.

संगणकाकडून काम करून घ्यावयाचें तर त्याला समजेल अशा भाषेंत आज्ञा लिहाव्या लागतात. त्यालाच प्रोग्रॅम म्हणतात. हल्लीं मध्यम स्थितींतील पुष्कळ घरांत एक तरी मुलगा किंवा मुलगी ही विद्या शिकत असते. या विद्येंत गुरूपेक्षां यंत्राचाच जाच अधिक. यंत्राला आपल्या मनांतला अर्थ कळत नाहीं, लिहिलेलें अक्षर तेवढें कळतें. पत्रांत एखादा काना राहिला तर वाचणारा तो मनानें घालून घेतो. येथें एक कंस मिटावयाचा राहिला तर सबंध काम अडून बसतें, आणि त्या वेळीं यंत्र जो तक्रारीचा मजकूर दाखवितें तो नवशिक्यास मोडींतल्या जुन्या दस्तऐवजाइतका दुर्बोध असतो. अशी अडचण बहुधा रात्रीं अकराच्या पुढें उभी राहते. घरांत विचारावें तर वडिलांस त्यांतलें कांहीं कळत नाहीं, आणि शिक्षक झोंपलेले असतात. मग तो मुलगा इंटरनेटवर, जेथें या विद्येचे जाणकार जमतात अशा एखाद्या ठिकाणीं, आपला प्रश्न लिहून ठेवतो; आणि ज्याचें तोंड त्यानें पाहिलेलें नाहीं व पुढेंही पाहणार नाहीं असा कोणी गृहस्थ, नॉर्वेंत किंवा ब्राझीलमध्यें बसून, एक पैही न घेतां त्याला उत्तर देतो.

जगांत परस्परांच्या उपयोगीं पडण्याचे जे प्रकार आहेत त्यांत हा प्रकार आम्हांस फार मोठा वाटतो. वाटसरूंसाठीं पाणपोई घालण्याची रीत आपल्याकडे पूर्वापार चालत आली आहे. ही ज्ञानाची पाणपोई होय. पण पाणपोईवर बसलेला मनुष्य तहानेल्यास 'तुला तहान लागलीच कशी?' असें विचारीत नाहीं. या दुसऱ्या पाणपोईवर मात्र तसें विचारण्याची चाल पडून गेली आहे, आणि आमची गोष्ट तेथेंच सुरू होते.

आम्ही या विद्येच्या वाटेस लागलों ते वयाची चाळिशी उलटल्यावर. नोकरींत हिशेबाचे तक्ते करावे लागत. ते यंत्राकडून करून घ्यावे एवढाच आमचा हेतु. पहिल्याच आठवड्यांत असें झालें कीं, आम्हीं यंत्रास ०.१ आणि ०.२ यांची बेरीज करावयास सांगितली आणि यंत्रानें जें उत्तर दिलें तें ०.३ नव्हतें. तिनानंतर पंधरा शून्यें आणि त्यांच्या शेवटीं एक ४, असें तें उत्तर होतें. ज्या यंत्राच्या भरंवशावर बँका चालतात त्याला दशांशाची साधी बेरीज येत नाहीं, हा शोध जगांत आपणांसच प्रथम लागला अशी आमची प्रामाणिक समजूत झाली, आणि आम्हीं ती तत्काळ अशाच एका ठिकाणीं जाहीर केली. मथळ्यांतच यंत्र सदोष असल्याचें सांगून पुढें तीन उद्गारचिन्हें घातलीं होतीं.

तासाभरांत एका अनोळखी गृहस्थाचें उत्तर आलें. त्यानें लिहिलें होतें कीं, एकास तिनानें भागून तें दशांशांत लिहूं लागलें तर तीन, तीन, तीन असे अंक कधींच संपत नाहींत, हें आपणांस शाळेपासून माहीत आहे. यंत्र शून्य आणि एक या दोनच अंकांनीं मोजतें, आणि त्याच्या त्या मोजणींत एक-दशांश हा अपूर्णांक तसाच कधीं न संपणारा ठरतो. यंत्राजवळ जागा ठराविक असते. म्हणून तें कोठें तरी शेपूट तोडतें, आणि तोडलेल्या शेपटाची खूण बेरजेच्या शेवटीं अशी दिसून येते. पैशाचा हिशेब करावयाचा असल्यास तो रुपयांच्या अपूर्णांकांत न मांडतां सगळा पैशांत मांडावा, म्हणजे हा घोटाळा होत नाहीं. शेवटीं, हा प्रश्न प्रत्येकास एकदां पडतोच, एवढें एक वाक्य होतें. सगळ्या मिळून पांच ओळी. आम्हांला उत्तर कळलें, मोठा आनंद झाला, आणि त्या आनंदाच्या भरांत आभार मानावयाचे राहून गेले.

पुढें पांचसहा वर्षें गेलीं. शिकत शिकत आम्हीही उत्तरें देणारांच्या पंक्तीस जाऊन बसलों. अशा ठिकाणीं उत्तर पसंत पडलें तर वाचणारे त्यास गुण देतात, आणि ते गुण उत्तर देणाराच्या नांवाजवळ दिसत राहतात. पन्नाशीकडे झुकलेल्या गृहस्थास शाळेंतल्यासारखे गुण मिळूं लागले म्हणजे त्याचें काय होतें, हें आम्ही अनुभवानें सांगूं शकतों. प्रश्न वाचून होण्याआधींच प्रश्न विचारणाराची पायरी ठरविण्याची संवय आम्हांस जडली.

एके रात्रीं दहाबारा प्रश्न पाहून डोळे शिणले होते. तेवढ्यांत आणखी एक प्रश्न आला. 'सर, आय हॅव ए डाउट' अशी त्याची सुरुवात होती. तीन वस्तूंच्या किंमती मिळविल्या असतां शेवटचा पैसा जुळत नाहीं, आपली काय चूक होत असेल, असें त्या मुलानें, किंवा मुलीनें (नांवावरून तें कळण्याजोगें नव्हतें), विचारलें होतें. पुन्हां तीच तोडलेल्या शेपटाची गोष्ट! आम्हीं उत्तर लिहिलें: 'प्रश्न विचारण्यापूर्वीं पुस्तकाचें पहिलें प्रकरण उघडण्याची तसदी घ्यावी. हें शोधावयास दहा सेकंद पुरतात.' सात जणांनीं आमच्या या उत्तरास पसंती दिली. एकानें त्याच्या खालीं हंसरें तोंड काढलें. सकाळीं पाहतों तों प्रश्न तेथें नव्हता. विचारणारानें तो काढून टाकला होता. तें नांव त्यानंतर त्या ठिकाणीं आमच्या दृष्टीस पडलें नाहीं.

त्या दिवशीं आम्हांला याचें कांहीं वाटलें नाहीं, हेंही लिहिलें पाहिजे. वाटलें तें दीड वर्षानें. कांहीं जुनें शोधीत असतां आमचा स्वतःचा तो पहिला प्रश्न, त्या तीन उद्गारचिन्हांसह, आमच्यापुढें उभा राहिला. दोन्ही प्रश्न एकच होते. फरक इतकाच कीं, त्या मुलानें चूक आपली असेल असें धरलें होतें आणि आम्हीं ती यंत्राच्या माथीं मारली होती. कोणाला चापट मारावयाचीच होती तर ती आमच्या वाट्यास यावयास हवी होती. आम्हांस मिळाल्या त्या पांच ओळी, आणि त्या मुलास आम्हीं दिली ती चापट.

आपला अपराध पुष्कळांचा आहे असें दिसलें म्हणजे मनुष्यास थोडें हायसें वाटतें. त्यासाठींच कीं काय, आम्हीं या विषयाचा इतिहास चाळून पाहिला. 'यूजनेट' या नांवानें ओळखलीं जाणारीं चर्चामंडळें अमेरिकेंतील विद्यापीठांच्या आश्रयानें १९८० च्या सुमारास सुरू झालीं. दर वर्षीं सप्टेंबरांत कॉलेजांत नवे विद्यार्थी येत, त्यांना या मंडळांचें दार उघडें होई, आणि कांहीं आठवडे तेच ते प्रश्न व तेच ते प्रमाद यांनीं जुने सभासद त्रासून जात. पुढें नवे लोक तेथील रीतभात शिकत आणि पुन्हां शांतता होई. १९९३ पासून खासगी कंपन्यांनीं आपल्या सामान्य गिऱ्हाइकांसाठीं हें दार उघडण्यास आरंभ केला, तेव्हां नव्यांचा ओघ बारमाही झाला. जुन्या लोकांनीं त्या काळास 'कधींही न संपणारा सप्टेंबर' असें नांव ठेवलें. नांव विनोदी आहे खरें. पण घरांत पाहुणे वाढले म्हणजे माजघरांतून जो सूर ऐकूं येतो तोच सूर त्यांत आहे.

या मंडळींच्या कंटाळ्यानें दोन गोष्टी रूढ केल्या. तोच प्रश्न शंभर वेळां येतो तर त्याचें चांगलें उत्तर एकदां नीट लिहून ठेवावें व तें ठराविक काळानें पुन्हां प्रसिद्ध करावें, या विचारानें त्यांनीं नेहमीं विचारल्या जाणाऱ्या प्रश्नांच्या याद्या केल्या. आज बँकेपासून रेल्वेपर्यंत सर्वत्र दिसणारी प्रश्नोत्तरांची यादी ही त्यांतलीच. दुसरी गोष्ट म्हणजे चार अक्षरांचा एक इंग्रजी संक्षेप. त्याचा अर्थ 'माहितीपुस्तक वाच' असा असून मधल्या एका अक्षरांत शिवी दडविलेली आहे. कंटाळा दोहोंच्याही मुळाशीं आहे. पण एकानें तो कामास लावला, आणि दुसऱ्यानें पुढच्याच्या अंगावर फेंकला.

येथें उत्तर देणारांची बाजूही सांगितली पाहिजे, नाहीं तर आम्ही एका अन्यायाच्या जागीं दुसरा करूं. ते कोणाचे पगारी नोकर नव्हेत. 'माझा प्रोग्रॅम चालत नाहीं, लौकर सांगा' एवढीच ओळ लिहून प्रोग्रॅम न दाखविणारे, कॉलेजांतला गृहपाठ जसाच्या तसा उतरवून 'उद्यां सकाळपर्यंत हवा' म्हणणारे, आणि उत्तर मिळतांच 'हें नको, दुसरें द्या' म्हणून अडून बसणारे प्रश्नकर्ते आम्हींही पाहिले आहेत. एरिक रेमंड यांनीं २००१ सालीं प्रश्न शहाणपणानें कसे विचारावे यावर एक दीर्घ निबंध लिहिला. आधीं स्वतः शोधावें, आपण काय केलें व काय झालें तें नेमकें सांगावें, तर्क आणि घडलेली हकीकत यांची भेसळ करूं नये, हा त्यांतील उपदेश अगदीं रास्त आहे. अँड्र्यू हंट व डेव्हिड थॉमस यांच्या १९९९ सालच्या 'द प्रॅग्मॅटिक प्रोग्रॅमर' या पुस्तकांत रबराच्या बदकाची एक गोष्ट आहे. अडलेला प्रोग्रॅमर टेबलावर बदक ठेवून त्याला आपला प्रोग्रॅम ओळीओळीनें समजावून सांगतो. सांगतां सांगतां चूक त्याची त्यालाच सांपडते, आणि बदकास तोंड उघडण्याचें कारण पडत नाहीं. नीट मांडलेल्या प्रश्नांत निम्मे उत्तर असतें तें असें.

परंतु नीट मांडतां येणें हेंच नवशिक्यास येत नसतें. 'आधीं शोधा' असें आपण त्याला सांगतों. पण ज्या वस्तूचें नांव ठाऊक नाहीं ती त्यानें कोणत्या अक्षराखालीं शोधावी? शब्दाचें लेखन कसें करावें अशी अडचण पडलेल्या मुलास आपण शब्दकोशाकडे बोट दाखवितों, आणि कोशांत शब्द सांपडण्यासाठीं त्याचें लेखन आधींच माहीत असावें लागतें, हें आपल्या ध्यानांत येत नाहीं. आमच्या त्या शेपटाच्या घोटाळ्यास एक शास्त्रीय नांव आहे. तें नांव आज आम्हांस ठाऊक असल्यामुळें आम्हांला दहा सेकंद पुरतात. त्या मुलाकडे दहा तास असते तरी, नांवावांचून, तो कोठें शोधणार होता?

या धंद्यांतील लोकांत आज 'स्टॅक ओव्हरफ्लो' हें प्रश्नोत्तरांचें ठिकाण सर्वांत प्रसिद्ध आहे. जोएल स्पोल्स्की आणि जेफ अ‍ॅटवुड यांनीं तें २००८ सालीं सुरू केलें. एका प्रश्नाचें उत्तम उत्तर एकाच जागीं कायम मिळावें, असा त्यांचा हेतु. म्हणून तोच प्रश्न पुन्हां आला तर तो बंद करून जुन्याकडे बोट दाखवावयाचें, आणि हलक्या प्रतीच्या प्रश्नास उणे गुण द्यावयाचे, असे नियम झाले. ग्रंथालय म्हणून ही व्यवस्था उत्तम आहे. अडचण अशी कीं, नवशिका त्याला शाळा समजून आंत येतो. ग्रंथपालाच्या दृष्टीनें तेंच पुस्तक दुसऱ्यांदा आणून देणारा मनुष्य जागा अडवितो. शिक्षकाच्या दृष्टीनें तोच प्रश्न दुसऱ्यांदा विचारणारा विद्यार्थी म्हणजे त्याचें नित्याचें काम. एकाच दारावर दोन पाट्या असल्यामुळें कित्येक मुलें रडवेलीं होऊन परत गेलीं. २०१८ च्या एप्रिलांत खुद्द त्या संस्थेनेंच आपल्या येथें नव्या माणसाचें नीट स्वागत होत नाहीं असें उघडपणें कबूल केलें.

आणि गंमत पाहा. या ग्रंथालयांत लोकांनीं हाताळून हाताळून झिजविलेलीं पुस्तकें पुष्कळदां अगदीं बाळबोध असतात. 'व्हिम' नांवाचें मजकूर लिहिण्याचें एक जुनें साधन आहे. त्यांत शिरणें सोपें, पण त्यांतून बाहेर कसें पडावें हें नवख्यास सुचत नाहीं. अभिमन्यूसारखी त्याची गत होते. २०१२ मध्यें कोणी एकानें, यांतून बाहेर कसें पडावयाचें, एवढाच प्रश्न तेथें विचारला. २०१७ च्या मे महिन्यांत त्या संस्थेनें जाहीर केलें कीं, तें पान दहा लाखांहून अधिक वेळां पाहिलें गेलें आहे. त्या पाहणारांत किती पदवीधर, किती मोठे पगारदार, आणि दुसऱ्यांस 'पुस्तक वाच' म्हणणारे किती, याची मोजदाद कोणी केली नसेल. एकानें लाज सोडून विचारलें. बाकीच्यांनीं दार लावून वाचलें.

शिवाय आज विचारणारा उद्यां कोण होईल हें कोणास कळतें? १९९१ च्या जुलै महिन्याच्या ३ तारखेस हेलसिंकींतील एकवीस वर्षांच्या एका विद्यार्थ्यानें यूजनेटच्या एका मंडळांत, अमुक एका प्रमाण नियमावलीची प्रत कोठें मिळेल, अशी पृच्छा केली. 'आधीं स्वतः शोध' म्हणून हांकलून देण्याजोगाच तो प्रश्न होता. त्याच विद्यार्थ्यानें २५ ऑगस्ट रोजीं त्याच मंडळांत कळविलें कीं, आपण हौसेखातर एक लहानशी संगणकप्रणाली तयार करीत आहों. तो विद्यार्थी म्हणजे लायनस टोरवाल्ड्स, आणि ती प्रणाली म्हणजे लिनक्स. आपल्यापैकीं पुष्कळांच्या खिशांतील अँड्रॉइड फोनच्या मुळाशीं तीच आहे. याच गोष्टीला दुसरी बाजूही आहे. पुढें सर्वमान्य झालेल्या टोरवाल्ड्स यांची सहकाऱ्यांस लिहिलेलीं तिखट पत्रें फार गाजलीं, आणि २०१८ च्या सप्टेंबरांत त्यांनीं त्याबद्दल जाहीर क्षमा मागून कांहीं काळ कामापासून दूर राहण्याचें ठरविलें. एवढ्या मोठ्या माणसास जें कबूल करतां आलें तें आमच्यासारख्यास जड जाऊं नये.

आपल्या मुलांच्या वाट्यास आणखी एक अडचण येते, ती भाषेची. मराठी शाळेंत शिकलेला मुलगा आपला प्रश्न इंग्रजींत लिहितो, पण तो त्याच्या मनांत मराठींतच उठलेला असतो. आपण 'मला एक शंका आहे' म्हणतों. त्याचेंच तो 'आय हॅव ए डाउट' करतो. ज्याची मातृभाषा इंग्रजी आहे त्याला 'डाउट' म्हणजे अविश्वास वाटतो, आणि हा मुलगा आपल्या सांगण्यावरच संशय घेतो कीं काय असें वाटून तो बुचकळ्यांत पडतो. परक्यास तो शब्द न कळणें क्षम्य आहे. आम्हीं ज्या प्रश्नास झिडकारलें त्याची सुरुवात याच शब्दानें होती, आणि शंका म्हणजे काय हें आम्हांला तरी कळावयास हवें होतें.

कारण शंका हा आपल्या परंपरेंत लाजेचा शब्द नाहीं. पतंजलीच्या महाभाष्यासारखा व्याकरणाचा प्रचंड ग्रंथ. त्याच्या आरंभींच, 'गाय' असें म्हटलें असतां त्यांत शब्द तो कोणता, असा प्रश्न घातला आहे. दिसावयास तो पोरकट आहे. आजच्या एखाद्या चर्चामंडळानें तो तत्काळ बंद करून टाकला असता. पतंजलि तो बंद करीत नाहीं. तो शब्द म्हणजे शेपूट, वशिंड व खूर असलेली वस्तु काय, तिचा रंग काय, असें एकेक विचारीत नेऊन उत्तरापाशीं आणून सोडतो. दासबोधांतही श्रोत्यानें आशंका घ्यावी आणि वक्त्यानें ती फेडावी, हा क्रम ठिकठिकाणीं दिसतो. याच परंपरेंतल्या पाठशाळांत छडीही होती, हें आम्ही विसरत नाहीं; पण ग्रंथकारांनीं ग्रंथांत मानाची जागा दिली ती शंकेला, छडीला नव्हे.

तर मग करावें काय? न्यूयॉर्कमध्यें २०११ पासून चालत आलेली 'रिकर्स सेंटर' नांवाची एक संस्था आहे. प्रोग्रॅमिंगमध्यें अधिक तयार व्हावें म्हणून लोक तेथें जाऊन राहतात. तिचे नियम मोजकेच आहेत, आणि त्यांतला एक असा कीं, कोणास एखादी गोष्ट ठाऊक नसल्यास आश्चर्याचा आव आणूं नये. 'अरे, तुला एवढेंही माहीत नाहीं?' या उद्गारानें ऐकणारास ज्ञान मिळत नाहीं. बोलणारास तें आहे एवढेंच कळतें. हास्यचित्रकार रॅन्डल मन्रो यांनीं २०१२ मध्यें याच संबंधांत एक सोपा हिशेब मांडला. अमेरिकेंत त्या वेळीं वर्षाला सुमारें चाळीस लाख मुलें जन्मत. जी गोष्ट तिशीपर्यंत सर्वांस कळते असें आपण समजतों, ती तेथें दररोज सरासरीनें दहा हजार माणसें प्रथमच ऐकत असलीं पाहिजेत. या दृष्टीनें पाहिलें तर अज्ञान हा कोणाचा दोष नसून त्याची पाळी आज आहे इतकेंच. आमची पाळी त्या तीन उद्गारचिन्हांच्या दिवशीं येऊन गेली.

आम्हीं आपल्यापुरते कांहीं नियम ठरविले आहेत. थकवा आला असेल तर उत्तर लिहावयाचें नाहीं. मौनानें कोणी दुखावत नाहीं, आणि दुसरा कोणी जागा असतोच. पुस्तकाकडे बोट दाखवावयाचें तर नुसतें पुस्तकाचें नांव न सांगतां नेमकें पान सांगावयाचें, आणि तें कोणत्या शब्दानें शोधलें असतां सांपडतें तेंही सांगावयाचें, म्हणजे पुढच्या खेपेस त्याचें त्याला शोधतां येईल. 'सोपें आहे' हे शब्द लिहावयाचे नाहींत; ज्याला तें कठीण गेलें त्याला ते लागतात. प्रश्न अर्धवट असेल तर दोष न देतां, काय हवें तें विचारावयाचें. गृहपाठ करून मागणारास उत्तर न देतां पहिली पायरी दाखवावयाची. यांत परोपकाराचा मोठेपणा कांहीं नाहीं. आपण घेतलेलें ऋण हप्त्यांनीं फेडण्याचा हा प्रकार आहे, आणि सावकाराचा पत्ता ठाऊक नसल्यामुळें तें मिळेल त्या हातांत द्यावें लागतें.

हा विचार आतां उशिराचा झाला कीं काय, अशीही भीति वाटते. २०२२ च्या नोव्हेंबरांत चॅटजीपीटी हें प्रश्नांस उत्तर देणारें यंत्र लोकांपुढें आलें. त्याचीं उत्तरें तेव्हां दिसावयास बरोबर पण पुष्कळदां चुकीचीं असत, म्हणून स्टॅक ओव्हरफ्लोनें डिसेंबरांतच तीं आपल्या येथें आणून टाकण्यास मनाई केली. तरीही त्यानंतरच्या वर्षांत तेथें येणाऱ्या नव्या प्रश्नांची संख्या फार खालावली. प्रश्न पडावयाचे थांबले नव्हते, ते यंत्राकडे वळले होते. आमची भाची इंजिनिअरिंगला आहे. तिला आम्हीं विचारलें कीं, तें यंत्र चुकीचें सांगतें हें ठाऊक असून तूं त्यालाच कां विचारतेस? ती म्हणाली, "मामा, चुकलं तर मी पुन्हां विचारते. दहा वेळां विचारलं तरी तें 'एवढंही येत नाहीं?' असं म्हणत नाहीं."

आम्हांला या उत्तरावर बोलतां आलें नाहीं. यंत्र रागावत नाहीं हा कांहीं त्याचा सद्गुण नव्हे. त्याला गिळावयास रागच नाहीं. पण आम्हांला होता, आणि तो आम्हीं गिळला नाहीं, म्हणून मुलें तिकडे गेलीं. यांत त्यांचें काम होतें खरें. तरी कांहीं तरी बुडतें. चार लोकांदेखत विचारलेल्या प्रश्नाचें उत्तर पुढच्या शंभरांस सांपडतें, आणि तें चुकलें तर दुसरा कोणी येऊन सुधारतो. यंत्राच्या कानांत विचारलेला प्रश्न तेथेंच राहतो. तें यंत्र तरी कशावर पोसलें? माणसांनीं आजवर इंटरनेटवर लिहून ठेवलेल्या मजकुरावर. त्यांत आमच्या त्या अनोळखी गृहस्थाच्या पांच ओळीही कदाचित् असतील. आमच्या दोन ओळी असूं नयेत, एवढीच इच्छा.

ज्यानें आपला प्रश्न काढून टाकला त्याची क्षमा मागण्याचा मार्ग आम्हांस सांपडलेला नाहीं. नांव खरें कीं घेतलेलें, तेंही माहीत नाहीं. तो पुढें ही विद्या शिकला असेल, किंवा त्या रात्रीं संगणक मिटून 'हें आपलें काम नव्हे' असें त्यानें ठरविलें असेल. पहिली गोष्ट घडली असावी असें आम्ही स्वतःस सांगतों. पण तसें धरून चालण्याचा अधिकार आम्हांला नाहीं.

परवां रात्रीं पुन्हां तो प्रश्न आला. कोणा एकानें ०.१ आणि ०.२ यांची बेरीज केली होती, आणि यंत्र बिघडलें आहे काय असें विचारलें होतें. आम्हीं एक-तृतीयांशापासून आरंभ केला. तीन, तीन, तीन असे अंक कसे संपत नाहींत तें लिहिलें, शेपूट कोठें तुटतें तें लिहिलें, ज्या नांवानें शोधावयाचें तें नांव दिलें, आणि हा प्रश्न प्रत्येकास एकदां पडतोच असें शेवटीं लिहिलें. त्यानें आभार मानले नाहींत. उत्तर कळल्याच्या आनंदांत राहून गेले असतील.